आग लागायच्या आधी आलेला बंब

वारंगा फाट्याहून आत वळलं की माळावर एकामागून एक बंजाऱ्यांचे तांडे लागतात. बाहेरच्या माणसाला ते सगळे सारखेच दिसतात. पाण्याची टाकी, शाळेच्या खोल्या, पांढरा झेंडा लावलेलं मंदिर आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं. तांड्यातल्या माणसाला मात्र आपला तांडा आणि इतर तांडे यांत काही साम्य आहे, हेच पटत नाही.

मागल्या उन्हाळ्यात यातल्या एका तांड्यावर कडब्याची गंजी पेटली. पुरुषमाणसं बाजाराला गेलेली होती. कोणीतरी अग्निशमनला फोन केला. “तांड्यावर आग लागली, लवकर या,” एवढं बोलून फोन बंद झाला. शहरातून बंब निघाला आणि पहिल्या तांड्यात शिरला. तिथं काहीच पेटलेलं नव्हतं. लोकांनी चहाचं विचारलं. दुसऱ्या तांड्यात धूर दिसला, तो चुलीचा निघाला. खऱ्या तांड्यावर बंब पोहोचला तेव्हा गंजीची राख झाली होती, पुरुषमाणसं बाजारातून परतली होती आणि गंजीपेक्षा जास्त तीच तापलेली होती. पहिला दगड काचेवर बसला. दुसरा पुढं बसलेल्या फायरमनच्या कपाळावर.

मी बातमीसाठी दवाखान्यात गेलो, तेव्हा तो खाटेवर बसून टाक्यांवरच्या पट्टीला हात लावून पाहत होता. नोकरीत केस पांढरे झालेला माणूस.

“आगीनं आजवर कितीदा पोळलं,” तो म्हणाला, “पण आगीनं कधी नेम धरून मारलं नाही.”

दगड कोणी मारला हे तांड्यात सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. फायरमननं तक्रार केली नाही. त्यानं साहेबाला एवढंच सांगितलं, की त्या तांड्याची वर्दी आली तर मला गाडीवर धाडू नका. घरी बायको-लेकरं आहेत. साहेब म्हणाले, आग माणूस पाहून लागत नाही. माणसं कमी होती, त्यामुळं पुढच्या वर्दीला तोच जाणार हे दोघांनाही कळत होतं. प्रश्न इतकाच होता, की तो परत येताना पुन्हा दवाखान्यातून येणार का.

साहेब वयानं लहान, बदलीवर नवे आलेले, पुण्याकडचे. त्यांनी ठरवलं की आग लागायच्या आधी तांड्यावर जायचं. बंब घेऊन, माणसं घेऊन, ओळख करून घ्यायला. कचेरीत यावर बरीच करमणूक झाली. वऱ्हाड मुहूर्ताच्या आधी पोहोचलं तर यजमानाची पंचाईत होते, असं एकानं ऐकवलं. साहेब हसले आणि तारीख ठरवली.

सोयाबीन निघून गेल्यावर, थंडीत, बंब तांड्यावर गेला. मी मागून मोटारसायकलवर होतो. मंदिरापुढं सतरंजी टाकली होती. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले वडीलधारे प्रमुख, पुढं आले. त्यांनी बंबाभोवती एक फेरी मारली आणि हात जोडले.

“साहेब, तुमी आग लागायच्या आधी आलात,” ते म्हणाले. “असं पहिल्यांदाच झालं.”

सगळे हसले. साहेबही हसले. फायरमन गाडीतून उतरलाच नाही. त्याला चहा खिडकीतून देण्यात आला आणि तो त्यानं हेल्मेट न काढता प्यायला.

साहेबांनी भाषण केलं. आग कशी लागते, कशी पसरते, काय करावं, काय करू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या सभेत सगळे माना डोलावतात तिथं कोणाला काही कळलेलं नसतं, हे बातमीदाराला लवकर समजतं. साहेबांनाही समजत असावं. त्यांनी भाषण मध्येच थांबवलं आणि पुढं बसलेल्या नायकाच्या बायकोला म्हणाले, “मावशी, समजा आत्ता आग लागली. मला फोन करा बरं.”

“तुमी तर इथंच बसलात. फोन काहून करू?”

“समजा मी शहरात आहे.”

“मग इथं कोण बसून राहिलं?”

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. साहेब उठून बंबाच्या मागं गेले, तिथून ओरडले, “आता करा!” मावशींनी सुनेकडून मोबाईल लावून घेतला.

“हालो. आग लागली. या.”

“कुठं?”

“आमच्या तांड्यावर.”

“तुमचा तांडा कोणता?”

“आमचा हाय त्यो.”

“मावशी, तांड्याचं नाव सांगा.”

मावशींनी मोबाईल कानापासून लांब धरला. बंबामागून साहेबांनी पुन्हा विचारलं. मावशींनी मोबाईल शेजारच्या बाईच्या हातात दिला. तिनं तो पुढच्या बाईला दिला. असा तो बायकांच्या सगळ्या रांगेतून फिरला आणि मावशींकडं परत आला. साहेब बाहेर आले.

“काय झालं? नाव माहीत नाही?”

“माहीत न्हाई कसं? पण घेता येत न्हाई.”

“का?”

“सासऱ्याचं नाव हाय.”

हे तांडे त्यांच्या नायकांच्या नावानं ओळखले जातात. या तांड्याला आत्ताच्या नायकांच्या वडिलांचं नाव होतं. आणि तांड्यातल्या जवळजवळ सगळ्या बायका त्या म्हाताऱ्याच्या सुना, नाही तर नातसुना. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. घर जळत असलं तरी नाही.

ओट्यावरच्या पुरुषांना हे नवं होतं. म्हणजे रिवाज माहीत होता, पण तो टेलिफोनलाही लागू होतो, याचा विचार कोणी केला नव्हता. नायकांनी हळू आवाजात विचारलं, “मागच्या टायमाला फोन कोणी केला होता?”

एका तरुण बाईनं ओढणी कपाळावर आणखी पुढं ओढली. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. बंबाच्या खिडकीची काच खाली आली आणि हेल्मेट घातलेलं डोकं बाहेर डोकावलं.

“म्हणजे,” फायरमन म्हणाला, “सासरेबुवांच्या पायी आमी तीन तांडे फिरलो?”

“व्हय भाऊ,” मावशी म्हणाल्या. “आता त्यांना काय बोलता, ते तर वर गेले.”

त्यानंतरचा तास पत्ता ठरवण्यात गेला. मोठ्या विहिरीचा तांडा म्हणावं, असं कोणी सुचवलं. विहीर थोरल्या दिराच्या नावानं ओळखली जाते, म्हणून तेही बाद झालं. चिंचेचा तांडा म्हणावं, तर पलीकडच्या तांड्यातही चिंच होती, आणि ती मोठी होती, हे कबूल करायला कोणी तयार नव्हतं. शेवटी ठरलं: फाट्यावरून आत, दुसरा पूल आला की डावीकडं, आणि वळणावर कोणीतरी लाल ओढणी घेऊन उभं राहील. यात कोणाचाच सासरा नव्हता. त्याच दिवशी आणखी काही गोष्टी ठरल्या. आग लागली की आधी जनावरांची दावी कापायची. विजेची तार तुटली असेल तर उपकेंद्रात फोन करून लाईट बंद करवायची, तोवर कोणी पाणी मारायचं नाही. आणि बंब आला की माणसांनी दोर धरून मागं उभं राहायचं, पाइप ओढायला धावायचं नाही. या वेळी कोणी मान डोलावली नाही. लोक मध्येच प्रश्न विचारत होते, भांडत होते. मी बातमी पाठवली. ती एका कोपऱ्यात, चार ओळींत आली.

साहेब तांड्यावर जात राहिले. फायरमन गाडीवर असायचा, पण खाली उतरायचा नाही.

मग होळी आली. तांड्यांवरची होळी मोठी असते. बायका हातात काठ्या घेऊन रस्ता अडवतात, पाहुण्याकडं फाग, म्हणजे सणाची बक्षिसी, मागतात, फाग मिळेपर्यंत गाणी म्हणतात आणि त्या गाण्यांत पाहुण्याची यथेच्छ टिंगल करतात. पुण्याकडच्या साहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी नेमक्या त्याच दिवसांत भेट ठरवली. बंब वळणावर आला आणि समोर काठ्या घेतलेल्या बायांची भिंत उभी राहिली. फायरमननं काच वर केली.

साहेबांनी खिशात हात घातला. मावशींनी तो धरला.

“पैसा नको साहेब. त्यो टोपीवाला खाली पाहिजे.”

“ते ड्यूटीवर आहेत.”

“आमी बी ड्यूटीवरच हावोत.”

मग गाणं सुरू झालं. आगीला न भिणारा गडी बायांना भिऊन काचेआड बसला, असा त्याचा मतलब होता. प्रत्येक कडव्यात तो आणखी थोडा जास्त भित्रा होत गेला. कपाळावरच्या टाक्यांचाही उल्लेख आला. तांड्यानं त्याच्या डोक्याला बटण लावून दिलं, असं त्यात म्हटलं होतं. त्या कडव्याला चालक स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. शेवटी दार उघडलं आणि फायरमन उतरला. त्याच्या पाठीवर रिवाजाप्रमाणं एक हलकी काठी पडली. त्या तांड्यावर त्यानं दुसऱ्यांदा मार खाल्ला, आणि या वेळी पुरणपोळी खाऊन परतला.

उन्हाळ्यात, दुपारच्या वाऱ्यात, त्याच तांड्यावर पुन्हा कडबा पेटला. शेजारी गोठा होता. मी फाट्यावर चहा पीत होतो. समोरून बंब गेला, मी मागं निघालो. दुसऱ्या पुलाजवळ लाल ओढणी हलत होती. बंब कुठंही न थांबता थेट आत शिरला.

माणसं बंबाकडं धावत आली. फायरमन दारात क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग दिसलं, की त्यांच्या हातांत दोर आहे. त्यांनी तो आडवा धरला आणि सगळे मागं सरले. जनावरं आधीच सोडलेली होती, माळावर उधळली होती. फायरमन पाइप खांद्यावर घेऊन गोठ्याकडं पळाला. तेवढ्यात मावशी काठी आडवी धरून त्याच्यासमोर आल्या.

“थांब!”

“मावशी, बाजूला व्हा!”

“न्हाई होत. तार पडली खाली. लाईट अजून गेली न्हाई.”

पाण्याच्या मोटारीची तार जळून कडब्याच्या कडेला पडली होती. आग पसरू नये म्हणून लोकांनी तार पडायच्या आधीच जमीन ओली करून ठेवली होती. धुरात ती तार दिसण्यासारखी नव्हती. आणखी थोडं पुढं गेला असता, तर त्याचा पाय त्या ओल्या जागेत पडला असता. तो जागच्या जागी उभा राहिला. नायक मोबाईल कानाला लावून उपकेंद्राशी ओरडून बोलत होते. गंजी जळत होती आणि सगळा तांडा दोर धरून उभा होता. ते सोपं नव्हतं. जळणारा कडबा त्यांचाच होता.

“गेली!” नायक ओरडले. “लाईट गेली, भाऊ, जा!”

तो गेला. गंजी अर्धी वाचली. गोठा पूर्ण वाचला. कोणाच्या अंगावर ओरखडाही आला नाही.

पाइप गुंडाळताना फायरमन आणि मावशी यांचं भांडण चाललेलं होतं. आग विझवताना फायरमनच्या आडवं कोणी यायचं नसतं, असं तो सांगत होता. मग तारेवर पाय देऊ दिला असता तर बरं झालं असतं का, असं त्या विचारत होत्या. त्यावर तो आवाज आणखी चढवत होता.

परत निघताना साहेबांनी त्याला विचारलं, “या तांड्याच्या वर्दीतून तुमचं नाव काढू का आता?”

“राहू द्या,” तो म्हणाला. “पण साहेब, पलीकडच्या तांड्यावर आपण अजून गेलोच न्हाई. तिथली माणसं आपल्याला वळखत न्हाईत. तिथं आग लागायच्या आधी जाऊ.”

पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं. मावशींना बंबातून यायचं होतं, पुढच्या सीटवर. नियमात ते बसत नव्हतं, म्हणून त्या काळीपिवळी जीपनं गेल्या आणि बंबाच्या आधी पोहोचल्या. बंब येतोय एवढंच त्यांनी सांगितलं होतं, म्हणून बंब तिथं शिरला तेव्हा मंदिरापुढं माणसं जमलेली होती. तिथल्या नायकांनी गाडीकडं पाहिलं, मग आपल्या घरांकडं, मग पुन्हा गाडीकडं.

“काय पेटलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” चालक म्हणाला.

“मग काहून आलात?”

साहेब उतरायच्या आधी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. हेल्मेट सीटवर ठेवून फायरमन खाली उतरला आणि सांगायला लागला.