चहापाणी खर्च

आमचं हॉस्पिटल कसबा पेठेतलं, ट्रस्टचं, तीस खाटांचं. मी तिथली हिशेबनीस. कोरोनात सरकारची मदत आली तेव्हा सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पुढे तिच्या खर्चाचा अहवाल मागितला, तेव्हा मात्र सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं ठीक आहे, देवाला कुठे व्हाउचरं लावता येतात.

अहवाल मी नेटका केला, अशी माझी समजूत. काही दिवसांनी पत्र आलं: बाकी सगळं मान्य, एका बाबीवर हरकत. ‘चहापाणी’. रोजच्या रोज, चार महिने, आणि प्रत्येक व्हाउचरवर सही मेट्रनबाईंची.

आता चहापाणी म्हणजे काय, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कुणालाही समजवावं लागत नाही. समजवावं लागलं ते आमच्या बाईंना. उभा जन्म वॉर्डात गेलेला. ‘लाच’ हा शब्द मी उच्चारला आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, अहो, चहा दिला, पाणी दिलं, मग दुसरं काय लिहायचं? मी भडकले. चहा वेगळा लिहावा, पाण्याचे जार वेगळे लिहावेत, एवढंही कळू नये का, असं बरंच तोंड सोडलं. ती व्हाउचरं न वाचता फाइलला मीच लावली होती, ते सोयीस्करपणे विसरले.

घाबरले होते, हे खरं. बाई त्याच महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या, आणि विश्वस्तांनी सांगून टाकलं होतं की हरकत निकाली निघेपर्यंत त्यांची ग्रॅच्युइटी थांबवा. पैशाचं बाई बोलल्याच नाहीत. पण एवढी वर्षं काढून लाचेचा ठपका घेऊन घरी जायचं, याने त्यांची झोप उडाली होती.

आम्ही दोघी रिक्षाने कचेरीत गेलो. साहेब तरुण आणि अतिशय नम्र. नम्र साहेबांची मला जास्त भीती वाटते. त्यांनी विचारलं, “आपण चहापाणी नेमकं कुणाला दिलंत?”

बाईंनी पिशवीतून वह्या काढल्या. पेशंट किती पाणी प्यायला, याचा तक्ता आम्ही खाटेला लावतो. बाईंनी तसाच तक्ता चक्क नर्सेसचा ठेवला होता. पीपीई किट चढवलं की सहा सहा तास पाण्याचा घोट नाही. बाहेर आलेल्या मुली घामाने निथळत असायच्या, दोघी तर चक्कर येऊन पडल्या होत्या. म्हणून किट उतरवलं की दारातच आधी पाणी, मग चहा, आणि वहीत नोंद: नाव, वेळ, किती प्यायली. आयांची, सफाईवाल्यांचीसुद्धा. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, “यात तुमचं नाव कुठेच नाही.”

“मी घरून बाटली आणायचे,” बाई म्हणाल्या. “मला किट घालावं लागत नव्हतं. मग सरकारचं कशाला प्यायचं?”

साहेबांनी आमच्यासमोरच हरकत निकाली काढली. मला इतकं बरं वाटलं आणि तितकीच स्वतःची लाज वाटली. जिन्यात मी माफी मागितली, तर बाई म्हणाल्या, पायऱ्या बघून उतरा. मी त्यांच्या हातातून वह्यांची पिशवी घेतली. सोडायला तयार नव्हत्या, पण मी ऐकलं नाही.