नणंदेबरोबर कड्याकड्याने

जगात जितके म्हणून धोके आहेत, त्या सगळ्यांशी माझ्या मोठ्या नणंदेचा घरोबा आहे. भिलाईच्या कारखान्यात अपघातांचे अहवाल टाइप करण्यात तिची अख्खी नोकरी सरली, त्यामुळे तिला जिना दिसला की आधी त्यावरून पडणारा माणूस दिसतो. माझ्या लग्नात होमाशेजारी ती वाळूची बादली घेऊन उभी होती. सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत आम्ही दोघं, भटजी आणि बादली आहोत. शेजारच्या दुर्ग शहरात, मोहन नगरात हळदीकुंकवाला जायचं तरी तिच्या पिशवीत टॉर्च, शिट्टी आणि दोरी असते.

म्हणून कोकणातल्या कड्याकड्याने, पाठीवर तंबू घेऊन, गाव नाही आणि फोनची रेंज नाही अशा वाटेने चालायचा आमचा बेत तिच्यापासून लपवला होता. पण निघायच्या पंधरा दिवस आधी नवऱ्याची रजा रद्द झाली, मी एकटीने जायचं ठरवलं, आणि तिला सुगावा लागला. "एकटी जाऊन राहिली? कावून? जीव जड झाला का तुले?" आणि पाठोपाठ म्हणाली, "मी येते." निवृत्त बाई, गुडघे कुरकुरणारे, समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला! दुसऱ्या दिवसापासून सॅकमध्ये तांदूळ भरून ती भिलाईतल्या खुर्सीपारच्या बाजारातून सरावाला फिरू लागली. भाजीवाली विचारायची, "दीदी, कहाँ की गाड़ी है?" ही गंभीरपणे सांगायची, "समंदर की."

वाटेवर तिने खेकड्यांनाही शिट्टी मारली. कड्याच्या कडेला मी फोटोसाठी थांबले की मागून माझी सॅक ओढली जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अगदी वैतागले होते. दोन सुळक्यांच्या मधली वाट खाली खडकांवरून जात होती आणि भरतीचं पाणी चढू लागलं होतं. "नको जाऊ व," ती म्हणाली. "ताई, चार उड्यांचं काम आहे," म्हणत मी धावले. तिसऱ्या खडकावर शेवाळ होतं. पाय सटकला, वरून लाट आली, आणि डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. खाली ओढली जात असतानाच सॅकच्या पट्ट्याला हिसका बसला. ताई खडकावर पालथी पडून दोन्ही हातांनी तो पट्टा धरून होती. तोंडाने आईला हाका मारत होती, पण हात सुटले नाहीत.

आम्ही रांगत वरच्या कपारीत गेलो. तिची कोपरं सोलली होती, दात वाजत होते. मी रडायला लागले तशी ती खेकसली, "रडतेस काय? मी भ्याले नाही का? लय भ्याले! सोडलं का मंग?"

पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथेच एकमेकींना चिकटून बसलो. ऊन कलताना खालची वाट मोकळी झाली. मी सॅक चढवली. "ताई, चला." ती हलेना. पाय लांब करून समोर बघत होती.

"थांब ना जराशी. किती मोठं हाय व हे. पाहू दे मले."

मी थांबले. अंधार पडेल, मुक्कामाची जागा सापडायची नाही, ही काळजी आता एकटी मी करत होते.