काकूंच्या विहिरीतला माझा युरिया

मंजुळाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावातल्या घरच्या बोअरवर त्यांच्यासाठीच पाण्याचा कॅन भरत होतो. तीन वर्षं, दिवसाआड, वीस लिटर. कॅन भरेपर्यंत तसाच उभा राहिलो. मग नेऊन ठेवलाही... माणसं जमणार, पाणी लागणारच होतं.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या आमच्या गावात काकूंचं शेत माझ्या शेताला लागून, उताराच्या बाजूला. त्या शेतातच घर करून एकट्या राहायच्या, आणि त्यांची पिण्याची विहीर माझ्या बांधापासून वीस पावलांवर. मी सोयाबीन निघालं की बटाटा लावायचो, लागवडीलाच सगळा युरिया टाकायचो आणि वरून मोकाट पाणी सोडून मोकळा व्हायचो. पाला असा माजायचा की रस्त्यानं जाणारे थांबून बघत. खाली बटाटे मात्र सुपारीएवढे. दोष मी बियाण्याला द्यायचो.

मग काकूंची लेक सुनंदा बाळंतपणाला आली. कुणीतरी सुचवलं म्हणून काकूंनी विहिरीचं पाणी वाशीमला तपासायला दिलं. त्यात युरियातून उतरणारं नायट्रेट निघालं, तेही भरपूर. तान्ह्या बाळाच्या तोंडी हे पाणी लावूच नका, असं तिथल्या माणसानं बजावलं. काकू तो कागद घेऊन थेट माझ्या बांधावर आल्या.

“गजानन, तुया युरिया माया विहिरीत काहून?”

“उकळून घ्या ना, काकू.”

“उकयल्यानं पानी उडते, युरिया तसाच राह्यते. इचारून आली मी.”

कॅनची शिक्षा त्याच दिवशी ठरली. पुढच्या हंगामात एकदा शेतावर गेलो, तर काकूंच्या मोटारीचा पाइप माझ्या बटाट्यात आणि काकू पदर खोचून बांधावर. काय करून राह्यल्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “तुयं खत तुले वापस करून राह्यली. थैलीतलं तेवढं कमी टाक.” मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण कृषी सहायक त्यांच्याच बाजूचा निघाला. पाण्यातलं खत पिकाला लागू पडतं, सोयाबीननंही जमिनीत थोडं ठेवलेलं असतं, ते धरूनच युरिया द्या, म्हणाला.

तेव्हापासून माझ्या युरियाचा कारभार काकूंकडे गेला. लागवडीला थोडा, मातीची भर लावताना थोडा, उरलेला पीक बघून; पाणीही मोजकंच, तुषार सिंचनानं. एखादी मूठ जास्त घेतली की खालून आवाज यायचा, “माया नातीले पाजतं का?” बटाटा काढल्यावर रान रिकामं ठेवायची सोय नव्हती. उरलंसुरलं खत पावसाबरोबर खाली उतरतं, म्हणून चाऱ्याचा मका पेरायला लावायच्या. तो मका त्यांची गाय खायची. यात माझं काय, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “चहात दूध कोनाचं असते?” बटाटे मात्र मुठीएवढे निघायला लागले. हे मी त्यांच्यासमोर कधीच कबूल केलं नाही.

पाणी सुधारलं का, हे मी अधूनमधून विचारायचो. “नाई. तुया हातच जड हाये,” एवढंच उत्तर. मग चहा, आणि अर्धा तास गावातल्या एकेकाची उणीदुणी. त्यात माझा नंबर पहिला.

तेरवीनंतर रिकामा कॅन आणायला गेलो, तर सुनंदाची मुलगी विहिरीवरच्या बादलीतलं पाणी ग्लासानं पीत होती. मी ओरडून तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. सुनंदा बाहेर आली. आधी हसली, मग तिचे डोळे भरले.

“पिऊ द्या तिले, गजाननभाऊ. पानी मागच्या सालीच चांगलं निंगालं. रिपोर्ट हाये घरात. आईनंच सांगू देल्लं नाई तुमाले.”

मागच्या साली. म्हणजे वर्षभर मी उगीच ते ओझं वाहिलं होतं. दोनदा कंबर धरली, बायकोनं मलम चोळलं, आणि त्या काळात काकूंनी प्रकृती विचारून वर पट्टा बांधायचा सल्ला दिला होता.

“मंग मी आनलेल्या पान्याचं काय करत?”

“गायीले पाजे.”

मला खरंच राग आला. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही, असं कोण म्हणतं... चांगलं रागावता येतं. “पन काहून?” मी विचारलं.

सुनंदा म्हणाली, “मी बी इचारलं होतं. तं म्हने, पानी सुधरलं म्हनून सांगतलं तं मंग गजानन कायले येते?”

“काईतरीच,” मी म्हणालो, “आलो असतो.”

पण खरं सांगायचं तर, नसतो आलो.