नातीच्या रक्तातली खूण

माझं नाव ग्यानबा. नाव ठेवणाराला माझ्या अकलेचा अंदाज नव्हता, दुसरं काय! चुडाव्याच्या शिवारात सारा जलम मेंढरांमागं गेला, अन् मेंढरं शहाणी म्हणून तो धड गेला. कुठं वळायचं ते त्यांनी ठरवायचं अन् मी मागनं ओरडून हुकूम सोडल्यागत करायचं, असं आमचं जमलेलं.

आमच्यात दर घराची खूण ठरलेली असते. आमची खूण म्हंजी डाव्या कुशीवर गेरूचा पट्टा. लोकर कातरली की खूण बी जाते, तवा त्याच दिवशी परत मारायची. एका साली मी आळस केला. उद्या मारू म्हणलं अन् लिंबाखाली ताणून दिली. तवर आमचा कळप शेजारच्या धनगराच्या, भागवतच्या कळपात घुसला. दोघं लय वेळ भांडलो, अन् अखेर मी मोठ्या तोऱ्यात त्याचीच लंगडी मेंढी घरला आणली. बायको भिवराबाई म्हणाली, "बरं झालं, लग्नात मी जागची हालले न्हाई. न्हाईतर दुसरीच आणली असती तुमी!"

असला हा शहाणा नातीबरोबर दवाखान्यात गेला. नात दीपिका, सहा वर्षांची. ताप उतरंना, अंगावर काळेनिळे डाग. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. पोरगा परमेश्वर मेंढरांमागं थांबला. माझ्या गुडघ्यांनी मेंढरांमागं पळवंना, म्हणून सून सविताच्या सोबतीला मी.

राजेश्री नावाच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी आमाला बसवून समजावलं. "रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हाडांच्या मगजात तयार होताना आपल्याच जनुकांचे तुकडे कापून नव्यानं जोडतात. प्रत्येकीची जोडणी निराळी. दीपिकाची अशी एक पेशी बिघडली आणि तिचीच पिल्लावळ माजली. त्या सगळ्यांची जोडणी एकच, ती त्यांची खूण. ती आम्ही ओळखून ठेवलीय. पहिल्या महिन्याचं औषध झालं की मगजात ती खूण शोधू. नाही सापडली तर चांगलं. सापडली तर फार कडक औषध द्यावं लागेल."

सविताला हे सारं समजलं. माझ्या कानात 'खूण' तेवढं शिरलं, बाकीचं मान डोलवायच्या नादात बाहेरच राह्यलं. खुणेचं काम म्हणल्यावर आपल्याला कोण शिकवणार! फक्त इचारलं, "मॅडम, ही खूण मारली कुणी?"

"कुणी नाही, बाबा. पेशी स्वतःच करते."

स्वतःच्या कुशीवर स्वतःच गेरू फासणारं मेंढरू मी जन्मात पाह्यलं न्हाई. पण शिकलेल्या माणसापुढं बोलावं कशाला, म्हणून परत मान डोलावली.

मग दीपिकाचे केस गळाया लागले. सकाळी उशीवर झुबकेच्या झुबके. सविता तोंडाला पदर लावून रडायली, अन् माझ्या डोक्यात भलतंच. अरे देवा, ही तर कातरणी झाली! खूण गेली! आता रक्तात घुसलेला तो चोर ओळखायचा कसा? उशीवरचे, चादरीवरचे सगळे केस येचले, उपरण्यात बांधले अन् लंगडत लंगडत बाईकडं पळालो. "घ्या मॅडम! एक बी सोडला न्हाई. खूण यातच आसंल, जपून ठिवा!"

बाई हसल्या न्हाईत, हे त्यांचे उपकार. "बाबा, खूण पेशीच्या आत असते. केसांबरोबर जात नाही." नर्स प्रियांका मात्र भिंतीकडं तोंड करून खांदे हालवायली. दीपिकाला कळलं तवा तिला लय दिवसांनी हसू फुटलं. "आज्जा, तू मला मेंढीच केलास की!" त्या हसण्यापायी मी रोज येडा व्हायला तयार हाव.

महिना सरला. हाडातनं नमुना काढला तवा पोरीनं माझं बोट धरलं होतं, अन् रडलो मी. निकालाचा दिवस आला. पोरगी राहते का जाते, एवढंच डोक्यात.

बाई आल्या. "बाबा, खूप शोधलं. खूण कुठंच सापडली नाही."

 आमच्या धंद्यात खूण सापडली न्हाई म्हंजी जनावर गेलं! मी वराडलो, "सापडली न्हाई? हुडकणारं कोण हुतं? चोर आत दडून बसला अन् तुमी हात हालवत परत आलात?" अन् धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून असा हंबरडा फोडला की शेजारच्या खाटांवरच्या आया बी रडाया लागल्या. कुणाचं काय झालं ते त्यांना बिचाऱ्यांना ठावं न्हाई.

सविता एरवी माझ्यापुढं खालच्या आवाजात बोलणारी. त्या दिवशी तिनं मला गदागदा हालवलं. "अवो मामा, गप ऱ्हावा की! सापडली न्हाई म्हंजीच बरं हाय! औषध लागू पडायलंय पोरीला!" असं म्हणून ती बी रडायली, पण हसत हसत.

बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. "औषध अजून दोन-अडीच वर्षं चालेल. आमच्या तपासणीला न दिसणारी एखादी पेशी लपलेली असू शकते. म्हणून पुन्हा पुन्हा शोधत राहू."

मी डोळे पुसले. आनंद लय झाला, अन् भीती बी तेवढीच वाटायली. दीपिका खाटेवर बसून माझ्याकडं टकामका बघायली. बाईच्या पायाला हात लावाया वाकलो, त्यांनी लावू दिला न्हाई. मग हात जोडले.

"मॅडम, येडा हाव, माफी करा. पण दर बारीला असंच जीव लावून हुडका. अन् दर बारीला असंच हात हालवत परत या."