गळतंय की तुंबतंय

व्यंकटेश गेला, असं कॉलेजच्या वॉचमननं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "कुटं गेला? सुट्टीवर?" तो म्हणाला, "वारला." मग समजलं. महिना झाला, तरी कुणी 'गेला' म्हटलं की माझ्या तोंडी आधी 'कुटं'च येतं.

मी त्या कॉलेजचा प्लंबर. शाळा चौथीपर्यंत, पण सोलापुरातला कुठलाही नळ माझं ऐकतो. व्यंकटेश कॉम्प्युटर सांभाळायचा. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. एकदा ऑफिसातून निरोप आला, सर्वरला लीक आहे. मी पाना आणि एमसील घेऊन त्याच्या एसीच्या खोलीत शिरलो आणि सर्वरच्या पेटीखाली हात फिरवला. ठणठणीत कोरडी.

"मामा, पाणी न्हाय, मेमरी गळतीय."

पोरं नेटवर जे पान मागतात त्याची प्रत हा सर्वर स्वतःजवळ ठेवतो, दुसऱ्यानं तेच मागितलं तर बाहेर जायला नको, असं त्यानं समजावलं. पण घेतलेली जागा तो कुठंतरी सोडतच नव्हता. दुपारपर्यंत भरायचा, की सगळ्या कॉलेजचं नेट बंद. मी म्हटलं, ह्याला गळणं म्हणत न्हाईत, तुंबणं म्हणतात. त्यावरून आमचं बरेच दिवस वाजलं. तो हटेना, आणि मी तर हटतच नाही.

इकडं प्रिन्सिपॉलनी बजावलेलं, प्रवेश सुरू व्हायच्या आत दुरुस्त झालं नाही तर खोली बाहेरच्या कंपनीला आणि व्यंकटेश लायब्ररीत. तो एकेक गोष्ट बंद करून बघत बसला. साठवलेली पानं पुसली, तरी सर्वर भरायचाच. शेवटी, नेटवर येणाऱ्याचं नाव विचारणारा, त्यानं स्वतःच लिहिलेला प्रोग्राम बंद केला... आणि सर्वर संध्याकाळपर्यंत शांत. तो प्रोग्राम नाव धरून ठेवायचा, माणूस निघून गेला तरी सोडायचा नाही.

मी म्हटलं, गुमान दुरुस्त कर, कुणाला सांगू नगंस. तर हा सरळ प्रिन्सिपॉलकडे गेला आणि 'चूक माझीच' असं सांगून आला. ते म्हणे हसले, चूक शोधणाराच खोलीत राहू दे म्हणाले. बाहेर येऊन माझ्याकडं न बघता पुटपुटला, "तुंबलंच हुतं, मामा." त्या दिवशी मी कॉलेजभर मिरवलो.

परवा त्या खोलीतला एसी ठिबकायला लागला म्हणून मला बोलावलं. व्यंकटेशच्या जागी आलेल्या नव्या मॅडम स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, जुन्या सरांचं नाव अजून आत आहे, काढून टाकते.

मी पाना खाली ठेवला.

"ऱ्हाऊ द्या की, मॅडम. एका नावानं तुंबत न्हाय."