पहिलं ‘नको’

आयर्लंडमध्ये ओंगारला आमच्या मागच्या गल्लीत एक इंग्रज आजोबा राहायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी लंच ब्रेकला पाय मोकळे करायला निघालो, की ते फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले दिसत. नाव मी कधी विचारलं नाही. आयुष्यभर माणसांची खिल्ली उडवणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या, एवढं त्यांनीच सांगितलं होतं. बोलण्याआधी चष्मा कपाळावर सरकवायचे, जणू समोरचा माणूस अंधुकच दिसलेला बरा.

“दोन मीटरचं एवढं काय कौतुक?” ते एकदा म्हणाले. “आम्ही इंग्रज नवराबायकोतसुद्धा तेवढं अंतर ठेवतो.”

दिवाळीत बायकोने त्यांच्यासाठी करंज्यांचा डबा दिला.

“नको हो, मी ग्रँड आहे,” ते म्हणाले; म्हणजे इथल्या बोलीत ‘माझं ठीक आहे, काही नको’.

आमच्याकडे पाहुण्याचा पहिला नकार कोणी मनावर घेत नाही. पण इंग्रज माणूस, नको म्हणजे नकोच असणार, म्हणून मी डबा परत आणला आणि करंज्या स्वतःच संपवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा डोळ्यांवरच होता.

“माझी बायको इथलीच,” ते म्हणाले. “आयरिश लोक तीनदा विचारतात, आपण दोनदा नाही म्हणायचं. चाळीस वर्षांत मलाही सवय लागली. ती गेल्यापासून दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.”

माझ्या बायकोने पुन्हा करंज्या तळल्या. मी डबा पुढे केला.

“नको,” ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “छे, नकोच.”

मला हायसं वाटलं. आता फक्त एकदा विचारायचं राहिलं होतं.