छापायच्या आधीचा खुलासा

आरुस्याकच्या संशयातून घरातली एकही वस्तू सुटली नव्हती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, वायफायच्या डबीवर पालथं पातेलं, आणि बातमीबद्दल बोलायचं असलं की सगळे फोन फ्रिजमध्ये, चीजच्या बरणीला टेकून. बाई तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, म्हणजे पातेल्यानं हेरगिरी अडत नाही हे तिला पक्कं ठाऊक. पण ठाऊक असणं वेगळं आणि जिवाला बरं वाटणं वेगळं.

निवृत्तीनंतर तिच्या वयाच्या बायका जर्दाळू वाळवत बसल्या, हिनं बातम्यांची वेबसाइट काढली. नाव ठेवलं ‘पुलपुलाक’. रस्त्याकडेचे ते दगडी पाण्याचे नळ असतात ना, वाकून तोंड लावायचं, बंद करायला चावीच नाही, तेच ते. डोंगरातल्या त्या लहानशा आर्मेनियन शहरात लोक सकाळी आधी पुलपुलाक बघायचे, मग बर्फ पडलाय का ते.

पण यंदाच्या हिवाळ्यात भलतंच सुरू झालं. बातमी यायच्या आधीच नगरपालिकेच्या फेसबुक पानावर तिचा खुलासा यायला लागला! रस्त्यावरचे दिवे गेल्याचं आरुस्याक सोमवारी लिहिणार, तर रविवारीच नगरपालिका म्हणतेय, ‘दिवे बंद असल्याच्या अफवांवर विश्वास ठेवू नका.’ अफवा? अजून पसरली कुठे होती! शाळेच्या बसचंही तसंच झालं. वर नगरपालिकेच्या वकिलाचं पत्र आलं, माहिती कुणी दिली ते कळवा म्हणून. आरुस्याकनं दोन ओळींत उत्तर धाडलं: कायद्यानं मला नाव लपवायचा हक्क दिलाय, आणि मी तो वापरतेय. त्या उत्तराची प्रत फ्रेम करून चुलीच्या वर टांगली, तेलाचे डाग पडले तरी हलवली नाही.

“कुणीतरी ऐकतंय,” ती ह्राचला म्हणाली. ह्राच म्हणजे बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला, चाळिशीचा, एके काळी तिच्याच वर्गात नापास झालेला. वेबसाइटची तांत्रिक बाजू तोच बघायचा.

“मॅडम, सगळं तीनदा तपासलं. आत कुणी शिरलेलं नाही.”

“तू तपासलंस म्हणूनच विचारतेय.”

“म्हणजे माझ्यावर संशय?”

“माझा सगळ्यांवर आहे. तुझा नंबर वरचा आहे इतकंच.”

आणि नेमकी याच दिवसांत येस्तेर आली. ही बालवाडीतली स्वयंपाकीण. कागदावर तिन्ही वर्गांत नवे हीटर लागलेले, प्रत्यक्षात भिंतीला नुसते हुक. पोरं टोप्या-कोट घालून लापशी खातात. येस्तेरनं एप्रनमागून फोटो काढले होते.

“आरुस्याक जान, नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. घर माझ्या एकटीच्या पळीवर चालतं. माझं नाव बाहेर गेलं तर उद्यापासून मी घरी.”

“न्यायाधीशानं विचारलं तरी सांगायची नाही. ती बघ भिंतीवर फ्रेम.”

यावेळी तिनं काळजी म्हणजे किती घ्यावी! फोटो पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह पिठाच्या डब्यात. इंटरनेटचा वाराही लागू दिला नाही. ह्राचला मुद्दाम थाप मारली, “या आठवड्यात ग्रंथालयाच्या गळक्या छपराचं लिहितेय.” आता छपराचा खुलासा येऊ दे, मग बघतेच याला.

रविवारी खुलासा आला. छपराचं अवाक्षर नाही. ‘बालवाडीतले हीटर दुरुस्तीसाठी काढले आहेत. स्वयंपाकघरातून पसरणाऱ्या अफवांची बुधवारी चौकशी होईल.’

स्वयंपाकघरातून! तिनं ह्राचला बोलावलं, त्याचा फोन सवयीनं फ्रिजमध्ये टाकला आणि थाप कबूल केली.

“वा, मॅडम! शाळेत नापास, आणि आता चोरही?”

“नंतर रुस. आधी सांग, कळलं कसं?”

ह्राचनं डब्यातलं पीठ बोटानं उकरलं. “पीठ काही बोलत नाही. तुम्ही कुठे बोललात?”

“कुठ्ठेच नाही! सकाळी घरी, अकराला क्नारिककडे कॉफी, मग परत...” आणि बाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

क्नारिक समोरच्या दारातली शेजारीण. कप वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. कॉफी गाळापर्यंत प्यायची, कप बशीत पालथा घालायचा, सुकला की क्नारिक त्यातल्या रेघा बघून भविष्य सांगते. चार वर्षं रोज अकराला हेच. आणि आरुस्याकच्या हिशेबी हे बोलणं नव्हतंच मुळी! बोलायचा तो कप. ही फक्त त्याला दुरुस्त करायची.

“एक बाई दिसतेय, हातात काहीतरी लांब,” क्नारिक म्हणाली होती.

“पळी असेल.”

“थंडीनं कुडकुडतेय बिचारी.”

“ती नाही गं, पोरं कुडकुडतायत!”

न्यायाधीशाला न सांगणारी बाई, कपाला सगळं सांगून मोकळी. आणि क्नारिकचा धाकटा दीर नगरपालिकेचं तेच फेसबुक पान चालवायचा. त्याला नोकरी लागली तेव्हा मिठाईचं ताट आरुस्याकनंच नेलं होतं!

ह्राच पोट धरून हसला. मग येस्तेरचं आठवलं तसं हसू आवरून त्यानं पिठाच्या डब्याचं झाकण लावलं.

सोमवारी अकराला आरुस्याक नेहमीसारखी गेली. कॉफी प्यायली, कप पालथा घातला. क्नारिकनं तो उचलून खिडकीकडे धरला.

“ती पळीवाली परत आली बघ.”

“पळी कसली? चष्मा पूस. फाइल आहे ती. मला फोटो देणारा माणूस नगरपालिकेतच बसतो, दुसऱ्या मजल्यावर.”

क्नारिकनं कप खाली टेकवला. “दुसऱ्या मजल्यावर तर माझा दीर बसतो.”

“मी कुठे नाव घेतलं? कप बोलतोय.”

“हं. अंगठा दाब तळाशी, इच्छा धर मनात.”

आरुस्याकनं इतक्या जोरानं दाबला की नखात गाळ गेला.

बुधवारची चौकशी झाली ती दुसऱ्या मजल्यावर. सगळ्यांचे फोन काढून घेऊन बिस्किटांच्या डब्यात बंद केले म्हणे. कारकून कारकुनाकडे तिरकं बघायला लागला, दिराला तर दोन तास उभं केलं. बालवाडीच्या स्वयंपाकघराकडे कुणी फिरकलं नाही. त्याच दुपारी पुलपुलाकवर तिन्ही वर्गांतले हुक झळकले. ज्या फोटोत बालवाडीच्या चुलीचा कोपरा दिसत होता तो तेवढा तिनं गाळला. पुढच्या आठवड्यात हीटर आले, आणि आरुस्याकच्या दाराशी कापडात बांधलेली गरम गोड पोळी आली. कुणी ठेवली ते लिहिलेलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

हीटर आल्यावरच्या शुक्रवारी क्नारिक स्वतःच कॉफीचं भांडं घेऊन आली. पहिला घोट होईपर्यंत थंडीवरच बोलली. मग म्हणाली, “त्या दिवशी तुझ्या कपात फाइल नव्हती हं. मजलाही नव्हता. अख्खा कप कोरा होता. तरी मी दिराला तू सांगितलंस तस्संच सांगितलं.”

“का गं?”

“माझी नातही येस्तेरच्याच हातची लापशी खाते.”

येस्तेर! आरुस्याकनं आयुष्यात कधी त्या कपासमोर हे नाव घेतलं नव्हतं. मग हिला कुणी सांगितलं? कधीपासून माहीत होतं? आणि उद्या दिरावरची माया वरचढ झाली तर? क्नारिक मजेत साखर ढवळत होती, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

“झाली ना कॉफी? घाल पालथा,” क्नारिक म्हणाली.

आरुस्याक कप घेऊन उठली, नळाखाली धरला आणि तळाशी कणभर गाळ राहिला नाही तोवर घासत राहिली.